डाव्या बाजूचं काम : प्रकल्प नोंदी

11 नोव्हेंबर 2024

दिवाळी भेटायला येणाऱ्यांत गेली. आजपासून वही सुरू. कारखान्याच्या टूलरूममध्ये प्रत्येक जॉबची (कामाची) नोंद ठेवायचो, तीच सवय इथे.

जॉब : नाशिकच्या सिडकोतलं आमचं घर. खाली दोन खोल्या, वर एक, मधे अरुंद जिना.
वापरणारा : मी. वय 57. सप्टेंबरात गणपती विसर्जनानंतर पॅरालिसिसचा झटका. मेंदूच्या उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, म्हणून शरीराची डावी बाजू गेली. चार पायांची काठी उजव्या हातात घेऊन घरातल्या घरात चालतो. डावा हात खांद्यातून थोडा हलतो, कोपरात वाकतो, मनगट नावालाच. बोलणं शाबूत, लिहिणारा हात शाबूत, त्यामुळे वही मीच लिहिणार.

येणारा प्रत्येक जण दोन गोष्टी विचारतो : फरक किती पडला, आणि मालिश चालू आहे ना. एका लांबच्या काकांनी कबुतराचं मटण सुचवलं. बायकोने त्यांना चहा दिला आणि विषय कांद्याच्या भावावर नेला. ‘पूर्वीसारखे कधी होणार’ हा प्रश्न या वहीत घ्यायचा नाही. तो डॉक्टरांच्या आणि फिजिओ मॅडमच्या हद्दीतला. माझ्या हद्दीत भिंती, पाइप, स्क्रू आणि दिवसभराची कामं.

13 नोव्हेंबर

ताटाचा प्रसंग आधी लिहून ठेवतो, कारण पुढची सगळी ड्रॉईंग त्यावर बेतायची आहेत.

पाडव्याला बायकोने साग्रसंगीत ताट वाढलं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, वाटीत आमटी. मी पोटभर जेवलो. ती ताट उचलायला आली आणि थांबली. “अहो, कोशिंबीर नको होती का?” मी म्हटलं, वाढलीस कुठे? तिने काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. कोशिंबीर, चटणी, लिंबाची फोड, सगळं समोर हजर. उजवी बाजू चाटूनपुसून साफ, डावीला बोट लागलेलं नाही.

मग बाकीचं लक्षात येत गेलं. दाढी उजव्या गालापुरती. डावा खांदा दाराच्या चौकटीला रोज आपटतो. पेपरातल्या ओळी मधूनच सुरू होतात आणि अर्थ लागत नाही, तेव्हा मी छापणाऱ्यांना नावं ठेवतो. फिजिओ मॅडमनी सांगितलं की डोळ्यात दोष नाही. मेंदू डावीकडचा भाग हिशेबातच धरत नाही. उजव्या मेंदूला मार बसला की हे बऱ्याचदा होतं. गंमत अशी की आपल्याला काही दिसत नाही हेच आपल्याला कळत नाही. अंधारात चाचपडणाऱ्याला निदान अंधार असल्याचं ठाऊक असतं.

मला वाटलं, सोपं आहे, सगळं सामान उजवीकडे आणू. मॅडम म्हणाल्या, “नाही काका. सगळं उजवीकडे आणलंत तर मान डावीकडे वळायचं कारणच उरणार नाही.” चहाचा कप, टीव्ही, बायकोची खुर्ची, मोबाइल हे डावीकडे ठेवायचं. पेपरच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावायची, प्रत्येक ओळ वाचताना नजर आधी त्या पट्टीपर्यंत न्यायची. पण जिथे पडायची भीती आहे तिथलं आधाराचं सगळं उजवीकडे.

म्हणजे एकाच घरात दोन उलटे नियम. ड्रॉईंगवर दोन रंग ठरवले. हिरवा : आधार, उजव्या हाताला. लाल : मुद्दाम डावीकडे. मुलाने चौकटींच्या डाव्या कडांना लाल टेप लावली. नातीला ती दिवाळीची सजावट वाटते.

27 नोव्हेंबर

जिन्याचं रेलिंग. सगळ्यात मोठं काम, म्हणून जरा सविस्तर.

आधी वापर समजून घेतला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना वाईट पाय आधी. हे सगळ्या फिजिओंचं पाठ असलेलं वाक्य. कारण साधं आहे. चढताना वर ठेवलेला पाय शरीर उचलतो, उतरताना मागे राहिलेला पाय शरीर सावकाश खाली सोडतो. दोन्ही वेळी कष्ट उजव्या पायाला.

पण पायांइतकाच हाताचा प्रश्न. चढताना माझ्या उजव्या हाताला भिंत आहे. तिथे पाइप बसवला की काम झालं, असं मुलाचं म्हणणं. उतरताना मी तोंड फिरवतो आणि तोच पाइप डाव्या हाताकडे जातो. डाव्या हाताची पकड नाही. एका बाजूचं रेलिंग माझ्यासाठी फक्त वर जाण्याचा रस्ता झाला. दोन्ही बाजूंना पाइप हवाच. मोकळ्या बाजूला जुना बारीक कठडा होता, सळ्यांचा. तो हाताला कापतो आणि हलतो. काढला.

पाइप : स्टेनलेस स्टील (एस.एस. 304), बाहेरचा व्यास 38 (एकक न लिहिलेली मापं सगळी मि.मी.). सुगम्य इमारतींच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत 38 ते 45 मि.मी. सांगितला आहे, माझ्या पंजाला 38 बरोबर. भिंतीपासून मोकळी जागा 40. यापेक्षा कमी ठेवली तर बोटांची पेरं भिंतीला घासतात, फार जास्त ठेवली तर तोल जाताना मनगट फटीत अडकू शकतं. उंची पायरीच्या नाकापासून 850. शेवटच्या पायरीच्या पुढे पाइप 300 मि.मी. सरळ काढला, कारण माणूस पडतो तो जिन्याच्या मधे नव्हे, ‘संपला जिना’ असं वाटतं तिथे.

अडचण भिंतीची. आमच्या जिन्याची भिंत चार इंची विटेची. मिस्त्री अँकर फास्टनर (भिंतीत फुलून घट्ट बसणारा बोल्ट) घेऊन आला. चार इंची भिंतीत फास्टनर फुलतो तेव्हा वीट फुटते, आणि नाही फुटली तरी ओढ आडवी लागली की आज ना उद्या उपटून येतो. माणूस पडताना रेलिंगवर त्याचं सगळं वजन एका झटक्यात येतं, हे धरूनच डिझाइन करायचं. म्हणून आरपार बोल्ट, पलीकडे स्वयंपाकघरात 6 मि.मी.ची एम.एस. (साध्या पोलादाची) पट्टी. बायकोच्या मसाल्यांच्या डब्यांमागे आता दोन पट्ट्या दिसतात. तिने त्यांना रंग देऊन त्यावर कॅलेंडर टांगलं.

आर्गॉन वेल्डिंग अंबडच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे. पैसे घेईना. त्याला म्हटलं, बिल दे, नाहीतर मी नावं कशी ठेवू?

ट्रायल : मुलगा (वजन माझ्यापेक्षा जास्त) पाइपला लटकला. पास. मी वर जाऊन आलो. उतरताना मॅडम माझ्या एक पायरी खाली, डाव्या बाजूला. घरच्यांनाही तेच शिकवलं : धरणारा माणूस अशक्त बाजूला, चढताना मागे, उतरताना पुढे. आणि डावा हात धरून ओढायचं नाही, कधीच नाही. खांद्याचे स्नायू ढिले असताना हात ओढला की सांधा खोबणीतून निसटतो आणि मग ते दुखणं महिनोन् महिने पुरतं. धरायचं ते कमरेला.

12 डिसेंबर

संडास-बाथरूम. याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही, त्यामुळे मीच लिहितो.

आपल्याकडे धुवायला डावा हात, जेवायला उजवा. डावा गेल्यावर दोन्ही कामं उजव्याकडे आली. दवाखान्यात ते नर्स आणि मुलगा बघत होते. घरी आल्यावर पहिला आठवडा मी जेवणच कमी केलं. बायकोच्या ध्यानात आलं. ती फटकन म्हणाली, “साबण कशासाठी असतो?” विषय तिथे संपला असं म्हणणार नाही, पण निम्मा संपला.

उरलेला निम्मा सोडवायचा म्हणून भारतीय पद्धतीचं भांडं काढून कमोड बसवला. सीटची उंची वाढवून 480 केली. जेट स्प्रे उजव्या हाताशी, पण नेहमीचा हाताने दाबून धरायचा नव्हे; भिंतीतल्या कॉकने चालू-बंद होणारा, सीटखालीच नोझल असलेला. हात कमी लागतो. साबण पंपाचा, बेसिनच्या कडेला पट्टीने पक्का केलेला, म्हणजे एकाच हाताच्या तळव्याने दाबून तोच हात खाली धरता येतो.

आधाराचा दांडा उजव्या भिंतीला, तिरका नाही, एल आकाराचा. आडव्या भागावर हात टेकून उठायचं, उभ्या भागाला धरून उभं राहायचं. एका नातेवाइकाने व्हॅक्यूमने चिकटणारा तयार दांडा आणून दिला होता. टाइलवर चिकटवून रात्रभर ठेवला, सकाळी बादलीत पडलेला सापडला. रिजेक्ट.

आंघोळीला प्लास्टिकची खुर्ची नको, तिचे पाय ओल्या फरशीवर पसरतात. ॲल्युमिनियमचं रबरी टोप्यांचं स्टूल घेतलं. बादली जमिनीवरून उचलून 400 उंचीच्या चौथऱ्यावर, उजव्या बाजूला. गरम पाण्याची तपासणी उजव्या हाताने. डाव्याला गरम-गार नीट कळत नाही. दाराची कडी आतून लावायची नाही असं ठरलं. त्याऐवजी दारावर एक पाटी, उलटसुलट करायची. नातीने तिच्यावर एका बाजूला ‘आत आजोबा’ लिहिलं.

3 जानेवारी 2025

थंडी. पेपरात निफाडचा पारा वाचायचा आणि इकडे डावा हात छातीशी मूठ करून बसलेला पाहायचा. गारठ्यात स्नायू जास्त आखडतात. पाऊल टेकलं की पोटरी थडथड उडते. सकाळचा पहिला तास आता कामाचा धरत नाही.

पायाला प्लास्टिकचा एएफओ मिळाला. पाऊल लोंबून बोटं फरशीला अडकू नयेत म्हणून पोटरीपासून तळव्यापर्यंतची पट्टी. तो बुटातच घालावा लागतो, नुसत्या पायावर फरशीवर घसरतो. आणि आमच्या घरात चप्पल-बूट दाराबाहेर. दोन दिवस यावर चर्चा चालली. शेवटी घरातल्या घरात घालायचे वेगळे कॅनव्हासचे बूट, डावा एक नंबर मोठा. देवघरासमोर खुर्चीवर बसून काढायचे. देवघराचा कट्टा उंच करू का विचारलं तर बायको म्हणाली, देवाला तेवढी अडचण चालते.

20 जानेवारी

हे काम मनापासून आवडलं.

डावा हात आयुष्यभर काय करत होता याची यादी केली. कापणं, लिहिणं, पिळणं, स्क्रू फिरवणं हे उजव्याचं. डाव्याचं बहुतेक काम एकच : धरणं. बरणी धरणं, कांदा धरणं, गोळ्यांची स्ट्रिप धरणं, कागद धरणं, ताट धरणं. टूलरूममध्ये जॉब धरणाऱ्या वस्तूला फिक्स्चर म्हणतात आणि मी 31 वर्षं तीच बनवली. म्हणजे गेलाय तो भाग नेमका माझ्या धंद्यातला.

केलेली फिक्स्चर :

गोळ्यांसाठी. लाकडी ठोकळ्यावर 14 चं भोक, त्यावर स्ट्रिप बसेल अशी खाच, वरून टॉगल क्लॅम्प (खटक्याने दाबून धरणारी पकड). अंगठ्याने दाबलं की गोळी खालच्या वाटीत. रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची, बीपीच्या दोन. या गोळ्या बरं वाटायला लागल्यावर मनाने बंद करायच्या नसतात. आमच्या गल्लीत एकाने केल्या आणि दुसरा झटका आला.

भाजीसाठी. पाटावर स्टीलचे दोन खिळे तळातून वर काढलेले, त्यावर कांदा टोचायचा. कडेला काटकोनात दोन पट्ट्या, पोळीला तूप लावताना ती पळू नये म्हणून. पाटाच्या पोटाला रबर.

बरणीसाठी. ओट्याखाली व्ही आकाराची पट्टी, झाकण त्यात सारून बरणी फिरवायची.

नाडीला काही करता आलं नाही. एका हाताने नाडी बांधायचं फिक्स्चर मला सुचलं नाही आणि सुचेल असं वाटत नाही. सगळ्या पायजम्यांना इलास्टिक. शर्टाची बटणं वरवर शिवलेली, आतून वेलक्रो. कपडे घालताना अशक्त हात आधी, काढताना चांगला आधी.

8 फेब्रुवारी

मॅडमना सगळी फिक्स्चर दाखवली. त्यांनी कौतुक केलं, फोटो काढले, आणि मग विचारलं, “काका, हे सगळं एका हाताने होतंय. डाव्याने काय करायचं?”

मी म्हटलं, त्याने आराम करावा.

तिथे तासाभराचा वर्ग झाला. हात वापरला नाही तर मेंदू त्याला मोजायचं सोडून देतो. मग थोडी ताकद परत आली तरी तो हात पुढे येत नाही, कारण न वापरायची सवय लागलेली असते. एडवर्ड टाउब नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे आधी माकडांवर अभ्यासलं, आणि मग माणसांसाठी उपचार काढला : चांगला हात दिवसातला बहुतेक वेळ हातमोज्यात बंद करायचा आणि कमजोर हाताकडून रोज काही तास काम करून घ्यायचं. सरसकट सगळ्यांना ते चालत नाही. मनगट साधारण 20 अंश आणि बोटं 10 अंश स्वतःहून वर उचलता आली पाहिजेत.

मी कपाटातून कोन मोजायचा बेव्हल प्रोट्रॅक्टर काढायला लावला. मॅडमकडे त्यांचं प्लास्टिकचं मोजमाप होतं, पण माझा त्यावर विश्वास नाही. मनगट : 12 अंश. बोटं : फक्त तर्जनी आणि मधलं, जेमतेम. उपचारात बसत नाही. पण आकडा मिळाला. आकडा मिळाला की मला बरं वाटतं, वाईट असला तरी.

सगळी ड्रॉईंग परत काढली. रेव्ह. 1 (पहिली सुधारणा). नियम असा ठरला : जिथे पडायची, भाजायची, गुदमरायची भीती आहे तिथे जेवढं सोपं करता येईल तेवढं करायचं. जिथे फक्त वेळ जातो तिथे डाव्या हाताला काम शिल्लक ठेवायचं. बाथरूमचा दांडा सोपाच राहील. गोळ्यांच्या ठोकळ्यावरचा टॉगल क्लॅम्प काढला. आता स्ट्रिप डाव्या तळव्याने दाबून धरायची, तळवा टेकायला ठोकळ्याला उतार दिला. पाटाला डावीकडे जाड मूठ, बोटं तिच्याभोवती उजव्या हाताने गुंडाळून ठेवायची. गोळी काढायला आधी क्षणभर लागायचा, आता चहा थंड होतो. बायकोला हे पटलेलं नाही. तिच्या मते माणसाला आधी सुखाने गोळी खाऊ द्यावी.

19 मार्च

रंगपंचमी. लहानपणी जुन्या नाशकात राहायचो, तिवंध्याच्या रहाडीत धप्पा मारायचो. पेशवाईच्या काळापासूनचे दगडी हौद, वर्षभर बुजवलेले, या दिवसापुरते उघडतात. उडी मारली की रंगाचं पाणी चहूकडे उडतं आणि आत गेलेला माणूस ओळखू येत नाही.

नातीला दाखवायचं होतं. गर्दीचा प्रश्न. डावीकडून कोण येतंय ते मला उशिरा कळतं, आणि धक्का लागला तर सावरायला डावा पाय नाही. तोडगा : भिंत डाव्या हाताला घेऊन उभं राहायचं. मग जे काही येईल ते उजवीकडूनच. मुलगा समोर, काठी बाहेरच्या बाजूला. तासभर टिकलो. ही पद्धत बाजारात, लग्नात, स्टेशनवर सगळीकडे चालेल.

रिक्षात बसताना : आधी पाठ करून बसायचं, मग पाय आत घ्यायचे, डावा उजव्याने उचलून. रिक्षावाल्याला आधीच सांगायचं, “दादा, जरा वेळ लागेल.” आधी सांगितलं की कुणी कुरकुरत नाही.

घरी येऊन चार तास झोपलो. हा थकवा व्यायामाच्या थकव्यासारखा नसतो, अचानक वीज गेल्यासारखा येतो. आता बाहेरच्या कामाला जोडून दुसऱ्या दिवशी काही ठेवत नाही.

27 मार्च

उंबरा. पाडवा तोंडावर.

उंची 45. डावा पाय अडकायची घरातली एवढीच जागा उरली. मिस्त्री म्हणाला, फोडून टाकतो, अर्ध्या तासाचं काम. बायको दारात उभी राहिली. लग्न होऊन आली तेव्हा माप याच उंबऱ्यावरून ओलांडलं, रोज हळदकुंकू लावते, फोडायचा नाही. मला आधी राग आला. मग ड्रॉईंग काढलं.

उताराचं सरकारी प्रमाण एकास बारा. 45 उंचीला 540 लांबी. आतल्या बाजूला जागा होती, बाहेर ओटा 600. दोन्हीकडून उतार, मधे उंबऱ्याची वरची कड तेवढी उघडी, उताराच्या पातळीला. हळदकुंकवाला जागा राहिली. उतारावर खरखरीत टाइल, कडेला लाल पट्टी डावीकडे. मिस्त्रीचं काम अर्ध्या तासाचं दोन दिवसांवर गेलं, त्याबद्दल तो बायकोला बोलला नाही, मला बोलला.

24 एप्रिल

अपंगत्वाचं प्रमाणपत्र. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, आमचा चालण्या-हलण्याच्या गटात. 40 टक्क्यांपासून पुढे बहुतेक सवलती. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग तपासणी, मग ओळखपत्र. माझा आधी नकार होता. “मी अपंग नाही, मला झटका आलाय,” असं मुलाला म्हणालो. तो म्हणाला, “पप्पा, कार्डावर फोटो चांगला येईल असा शर्ट घाला.”

18 मे

रडण्याबद्दल. टीव्हीवर कुणाचं लग्न लागलं की मला रडू फुटतं. आरतीला फुटतं. परवा कुकरच्या जाहिरातीला फुटलं. दुःख नसतं, आणि थांबवताही येत नाही. मेंदूच्या इजेनंतर रडण्या-हसण्याचा ब्रेक ढिला होतो, तसा हा प्रकार. वेगळं असतं ते खरं उदास होणं; झटक्यानंतर तेही फार जणांना होतं, आणि त्याला औषध आहे. मला फेब्रुवारीत दिलं, उपयोग झाला. पाहुण्यांना सांगायला नातीने वाक्य तयार केलंय : “आजोबा रडत नाहीयेत, त्यांचे डोळे रडतायत.”

स्कूटर मुलाच्या नावावर केली. डावी बाजू उशिरा दिसणाऱ्याने रस्त्यावर वाहन चालवू नये. यात चर्चेला जागा नाही.

18 जून

फ्रिजवरचा कागद. एकदा झटका आलेल्याला पुन्हा यायचा धोका जास्त, म्हणून घरात सगळ्यांना पाठ हवा. मोठ्या अक्षरांत :

तोंड वाकडं? दोन्ही हात वर कर म्हटल्यावर एक खाली येतो? बोलणं अडखळतं? यातलं एक जरी दिसलं तरी 108. घड्याळ बघून लिहायचं : शेवटचं ठीक कधी पाहिलं होतं. सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात थेट. तोंडात पाणी, गोळी, काही घालायचं नाही. गिळणं बिघडलेलं असू शकतं, आणि गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही.

ती वेळ लिहायची ओळ मी अधोरेखित केली आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मला पहाटे जाग आली तीच जड हातासकट. झटका झोपेत कधी आला हे सांगता येईना, आणि ते इंजेक्शन मिळालं नाही. कुणाचा दोष नव्हता. पण जागेपणी येणाऱ्याच्या बाबतीत ‘झोपून बघू, सकाळपर्यंत उतरेल’ हे घरातलं कुणी म्हणता कामा नये.

बीपीची वही याच कागदाखाली. डॉक्टरांनी 130/80 च्या आत ठेवायला सांगितलंय. पापड, लोणचं, खारे शेंगदाणे बंद. मिसळ महिन्यातून एकदा, तर्री बाजूला काढून. तर्रीशिवाय मिसळ म्हणजे काय असतं ते न लिहिलेलं बरं.

6 ऑगस्ट

मनगट 23 अंश. बोटं चारही, 10 च्या थोडी वर. प्रोट्रॅक्टर बायकोने धरला आणि तिनेच वाचला, मला वाचू दिला नाही.

मॅडमनी मोज्याचा कार्यक्रम सुरू केला, घरी झेपेल असा. उजव्या हातात ओव्हनचा जाड मोजा, सकाळी तीन तास. डाव्याने : मटारचे दाणे वाटीतून वाटीत, कपड्यांचे चिमटे दोरीवर, नट बोल्टवरून सोडवणं. एम16 (16 मि.मी.चा) जमतो. एम12 अजून नाही. मधे बाथरूमला जायचं तर मोजा काढायचा, तिथे शौर्य नको.

अंबडच्या मित्राकडे आठवड्यातून दोन सकाळी जातोय. मशीनजवळ नाही, फिरणाऱ्या चकपाशी डावी बाजू न दिसणारा माणूस नको, हे मीच त्याला सांगितलं. ड्रॉईंग तपासतो, पोरांना टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते) शिकवतो. टेबलावर काम मांडताना ड्रॉईंग माझ्या डावीकडे ठेवायचं, असं पोरांना सांगून ठेवलंय. त्यांना वाटतं ती टूलरूमची जुनी शिस्त आहे.

30 ऑगस्ट

मित्राच्या शॉपमधल्या एका पोराची आई, सातपूरला राहते. मे महिन्यात झटका, उजवी बाजू. त्याने माझी ड्रॉईंग मागितली, मोबाइलवर आरशासारखी उलटी करून घेतो म्हणाला.

रेलिंग, कमोड, उतार यांची करून चालतील. बाकीची नाही. उजवी बाजू म्हणजे डावा मेंदू, आणि बहुतेकांची भाषा तिथे असते. तिला सगळं कळतं पण शब्द निघत नाहीत; ‘हो’च्या जागी ‘नाही’ येतं. डावीकडचं न दिसण्याचा प्रश्न तिला नाही, त्यामुळे लाल पट्ट्यांचा काही उपयोग नाही. माझा धरणारा हात गेला, तिचा करणारा. फिक्स्चर वेगळी लागतील.

काल घरी जाऊन आलो. पोराला विचारलं, आधी काय करायचं? म्हणाला, “पडू नये, एवढंच बघा काका.” मग तिला विचारलं. एकेक वस्तू दाखवत गेलो, बोलायची सक्ती नाही, फक्त बोट. चमचा, कंगवा, साडीची पिन, रिमोट. मान हलली नाही. ओट्यावरच्या पोळपाटावर डाव्या हाताने थाप मारली, दोनदा. सून म्हणाली, “आत्या, तुम्हाला कशाला आता पोळ्या, मी करते ना.” तिने पुन्हा थाप मारली.

पोळपाट 240 व्यासाचा, तीन पायांचा, एक पाय डुगडुगतो. लाटणं एका हाताने मधोमध दाबून फिरवावं लागेल, म्हणजे मधे मूठ आणि दोन्हीकडे बेअरिंग. उजवा पंजा लाटण्याच्या टोकावर नुसता ठेवायला डेल्रीनची (कडक, गुळगुळीत प्लास्टिकची) खोबण. पोळपाट तळाला रबर लावून टिकेल की ओट्याला क्लॅम्प लागेल, ते पुढच्या वेळी ओट्याची कड मोजून ठरवायचं. पोराला सांगितलंय, तोवर डुगडुगणारा पाय घासून सारखा कर.